रांगा लावणाऱ्या बाई

बाईंनी माझ्या पुढची विळी काढून घेतली. हिसकावली नाही. हळूच सरकवली, आणि हसत.

"अहो, तुम्ही कुठं इथं बसताय? तुम्ही रांगा बघा. पोरं कशी उधळलीत बघा. तुमच्याशिवाय आवरायची नाहीत ती कुणाला."

गावाबाहेर चिंचेचा मळा. शाळेचं वनभोजन. तीन दगडांची चूल पेटलेली, तिच्यावर मोठं पातेलं. बाकीच्या बाया गोल करून बसलेल्या, कुणी लसूण सोलतंय, कुणी कणीक मळतंय. मी नुकतीच बदली होऊन या शाळेत आले होते. कामाला लागावं म्हणून विळीवर बसले आणि पहिलं वांगं चिरलं. ते माझ्या हातातच होतं. बाईंनी तेही घेतलं. दोन बोटांच्या चिमटीत. मिठाच्या पाण्यात टाकायचं तर त्यांनी ते बाजूला, झाडाच्या बुंध्याशी ठेवलं.

मी उठले. पदराला चिकटलेलं गवत झटकलं. शिट्टी घेतली आणि रांगा लावल्या. पाचवी इकडे, सहावी तिकडे, मुली सावलीत. अशा सरळ रांगा की हेडसर म्हणाले, "व्वा मॅडम!"

मला आनंद झाला होता. त्या दिवसातली मला सगळ्यात जास्त आठवणारी गोष्ट तीच आहे. मला आनंद झाला होता.

जेवण झाल्यावर पोरं पळाली, पत्रावळी गोळा झाल्या. ते वांगं बुंध्याशीच पडलेलं होतं. कापलेली बाजू काळी पडली होती.

*

मी मराठी शिकवते. वय पन्नाशीकडे चाललंय. गुडघे दुखतात. घरात, शाळेत, कुठंही पसारा दिसला की मला बसवत नाही. हा माझा स्वभाव, आणि या स्वभावावरच त्यांनी मला बसवलं.

बाई म्हणजे आमच्या शाळेतल्या सगळ्यात जुन्या शिक्षिका. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणतात. हेडसरसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय गॅदरिंगची तारीख ठरवत नाहीत. त्या कधी वाईट बोलल्या नाहीत मला. आवाज चढवला नाही. आमच्या आज्जीला जे बोल ऐकावे लागले त्यातला एकही शब्द मला ऐकावा लागला नाही. मला फक्त कौतुक ऐकावं लागलं.

शिक्षकदिनाला बायांनी घरून पदार्थ आणायचे ठरले. "तुम्ही नका त्रास घेऊ, तुम्ही बैठकव्यवस्था बघा." पालकसभेला चहा करायचा. "तुम्ही पालकांना बसवा ना, तुमचं ऐकतात सगळे." एका बाईंच्या मुलीच्या केळवणाला आम्ही सगळ्या जमलो. सगळ्या स्वयंपाकघरात गेल्या. मला बाहेर आलेल्यांच्या चपला ओळीनं लावायला सांगितल्या. तसं म्हणालं नाही कुणी. "दारात बघा किती गोंधळ झालाय, तुम्हाला बघवणार नाही," असं म्हणाल्या. आणि खरंच मला बघवलं नाही. मी लावल्या.

मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत डबे उघडतात. गोल करून. माझा डबा त्या गोलात असायचा. मला बाहेर बसा असं कुणी म्हणालं नाही. फक्त माझ्या डब्यात हात यायचा नाही. कुणाचा सोमवार, कुणाचा गुरुवार, कुणाला पित्त, कुणाचं आज कांदा-लसूण बंद. मला सगळ्यांचे उपवास पाठ झाले. एका गुरुवारी मी पहाटे उठून साबुदाण्याची खिचडी केली. शेंगदाण्याचं कूट घरी भाजून, कुटून. मोठ्या बाईंच्या पुढं डबा ठेवला. "अगबाई! माझ्यासाठी? कशाला एवढं!" त्यांनी डबा घेतला. "सावकाश खाते हं," म्हणाल्या.

दुपारी शिपाईमामा रिकामा डबा धुऊन घेऊन आले. "मॅडम, खिचडी लय झ्याक होती बरं का. बाईनं दिली मला. म्हणल्या, तुमीच खा."

मामा आमच्यातले नाहीत. पण त्यांना भूक होती. मी डबा पिशवीत टाकला.

मला कळत नव्हतं, असं कुणी समजू नये. बौद्धवाड्यात वाढलेल्या बाईला हे कळत नाही असं होत नाही. ते आपल्याला चालायला लागायच्या आधी कळतं. पण कळलं की रोज कळत राहतं. रोज सकाळी साडी नेसायची, दोन डबे भरायचे, आणि वर हेही कळून घ्यायचं. मला ते ओझं नको होतं. त्यापेक्षा मी शिस्तीची, मी कामाची, माझ्याशिवाय यांचं पान हलत नाही, हे बरं वाटायचं. मी ते धरून बसले. इतकी वर्षं धरून बसले की हात आखडले.

*

बदली झाल्यापासून आम्ही जिंतूरला राहायचो. मग लेकाच्या कॉलेजसाठी घर परभणीला हलवलं आणि माझं अपडाऊन सुरू झालं. सकाळी परभणी स्टँडवरून जिंतूर गाडी पकडायची, मध्येच शाळेच्या गावाच्या फाट्यावर उतरायचं.

ज्यांनी एसटीनं अपडाऊन केलंय त्यांना रुमालाचं सांगायला नको. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल आत जातो. पडला त्या सीटवर त्याची जागा. त्यावर वाद होत नाही. बायांना अर्धं तिकीट झाल्यापासून तर गर्दी अशी की रुमाल नसेल तर उभंच राहावं लागतं. मोठ्या बाई परभणीच्याच. त्यांचा ग्रुप पुढच्या सीटांवर. आधी पोचलेली बाई बाकीच्यांसाठी रुमाल टाकून ठेवते.

पहिल्या दिवशी मी धापा टाकत चढले. मोठ्या बाईंच्या शेजारची जागा रिकामी होती. तिच्यावर रुमाल.

"धरलेली आहे हो," बाई म्हणाल्या. "यायलीय एक जण."

मी दांड्याला धरून उभी राहिले. कंडक्टरनं घंटी दिली. गाडी स्टँडच्या बाहेर पडली. वसमत रस्ता मागं राहिला, जिंतूर रोडला लागलो. कुणी आलं नाही. रुमाल तसाच. निळ्या काठाचा, इस्त्री केलेला, चार घड्यांचा. गाडी वळली की तो जरा सरकायचा, आणि बाई बोटानं नीट करायच्या.

मी त्या रुमालाकडं बघत उभी होते आणि मागून हाक आली.

"ओ मॅडम! कायको खडे? इकडं या, इकडं. जागा होते ना!"

मागच्या लांब सीटवर एक नर्स बसलेली. पांढरा कोट, त्यावर काळी ओढणी. शेजारी एक जाडजूड बाई, मांडीवर ही भली मोठी पिशवी. नर्सनं त्या बाईला कोपरानं ढोसलं. "सरको ना उषाताई, जरा."

"अजून किती सरकू? खिडकीतून खाली पडू का?" असं म्हणत ती सरकली. पिशवी मांडीवरून पायाशी घेतली. मी बसले.

नर्स म्हणजे शबानाआपा. एका खेड्याच्या उपकेंद्रात तिची नोकरी. उषाताई जिंतूरला कोर्टात कारकून. आमच्यातलीच. तिचं आडनाव ऐकल्यावर मी जरा सावरून बसले. आमच्यातलं कुणी भेटलं की मी आधी आजूबाजूला बघायची, ही सवय मला कधी लागली ते मला माहीत नाही. उषाताईनं ते बघितलं.

"काय बघायलीस? कुणी न्हाई ऐकायलं," ती म्हणाली. "आन ऐकलं तर ऐकू दे."

संध्याकाळी परतीच्या गाडीत पुन्हा त्याच दोघी. आपानं माझा डबा बघितला. मधल्या सुट्टीत उरलेली अर्धी भाकरी आणि ठेचा होता. मला विचारलं नाही. झाकण उघडलं, भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्यात बुडवला आणि तोंडात टाकला. मग डोळ्यांतून पाणी.

"या अल्ला! मॅडम, पोरांना पण हेच खायला घालून मारता का शाळेत?"

उषाताई हसून हसून खोकायला लागली. मग तिनंही हात घातला.

मी खिडकीकडं तोंड केलं. बाहेर सोयाबीन काढून झालेली काळी रानं. मला रडू आलं होतं आणि ते ठेच्यामुळं आलं असं मी दाखवत होते. कामाच्या ठिकाणच्या, घराबाहेरच्या कुणाचा हात माझ्या डब्यात गेल्याला किती वर्षं झाली होती, ते मला आठवेना.

*

संगतीनं माणूस घडतं असं आम्ही पोरांना फळ्यावर लिहून देतो. निबंधाला हमखास येतो विषय. मी तो कितीदा तरी तपासला असेल. पण माझ्यापुरती ती गोष्ट एका एसटीच्या मागच्या सीटवर घडली, आणि ती गोड नव्हती.

पहिल्या हिवाळ्यातच मी उषाताईला वनभोजनाचं सांगितलं. मोठ्या फुशारकीनं. कशा रांगा लावल्या, हेडसर काय म्हणाले, माझ्याशिवाय कसं कुणाचं चालत नाही.

ती ऐकत होती. पिशवीतून शेंगा काढून फोडत होती.

"भाजी कोणी चिरली?"

"बाकीच्यांनी."

"कणीक?"

"बाकीच्यांनी."

"वाढलं कोणी?"

"त्यांनीच. मी रांगा..."

"आन तुझ्या हातचं काय गेलं गं त्यांच्या पोटात?"

मी शेंगांची टरफलं गोळा करायला लागले.

"पाण्याचा गिलास तरी?"

आपानं तिला हातानं दाबलं. "जाने दो ना ताई."

"का जाऊ द्यायचं? एवढी शिकलेली हाय. पोरांना शिकवती. येडी हाय का ही?" मग माझ्याकडं वळून म्हणाली, "तुला चुलीपसून उठवायला त्यांनी तुला हार घातलाय, बाई. आन तू हार सावरत बसलीस."

मला असा राग आला. मोठ्या बाईंचा नाही. उषाताईचा. माझ्याजवळ जे एक चांगलं होतं ते तिनं शेंगेसारखं फोडून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी मी मागं गेलेच नाही. पुढंच उभी राहिले. बरेच दिवस. मोठ्या बाईंच्या शेजारी रुमाल. कधी त्याच्यावर कुणी यायचं, कधी नाही. मी दांड्याला लटकत यायची आणि गुडघे सुजायचे.

एक दिवस ब्रेक लागला आणि मी पडता पडता वाचले. मागून आपाचा आवाज. "बस्स झालं ना मॅडम! आता या. पाय तोडून घ्यायचे का?" मी गेले. उषाताईनं पिशवी उचलून पायाशी ठेवली. तिनं माफी मागितली नाही. मी पण नाही. तिनं शेंगा पुढं केल्या.

मग मी तिच्याकडून शिकायला लागले. तिला ते माहीतही नसेल. ती भाषण करत नाही. ती भांडत पण नाही. एकदा एका पांढऱ्या कपड्यातल्या माणसानं गाडीत चढल्या चढल्या तिला म्हटलं, "बाई, उठा की तिथून. आमची माणसं बसू द्या." मी लगेच पिशवी आवरायला लागले. माझं अंग आपोआप उठायला लागलं. उषाताई हलली नाही. तिनं त्याच्याकडं बघितलं आणि एवढंच विचारलं.

"का?"

"का म्हणजे?"

"का म्हणजे का. कारण सांगा. मग उठते."

त्याला काही सांगता येईना. सगळी गाडी ऐकत होती. तो पुढं जाऊन उभा राहिला.

"कारण असतंय त्यांच्यापशी," उषाताई मला नंतर म्हणाली. "पण ते चारचौघात बोलता येत न्हाई. म्हणून ते गोड बोलतेत. तू इच्चारत जा. बोलू दे त्यांना."

आपाचं दुसरंच. ती कशालाच दचकत नाही. बाळंतपण अडलं की लोक तिला हाताला धरून आत नेतात, पार देवघराला वळसा घालून. बारशाला गेली की चहा बाहेर ओट्यावर. "तरी मी जाते," ती म्हणते. "ओट्यावर बसून मोठ्यानं विचारते, बच्चा मेरे हाथ में आया था ना पहले? सगळे खाली बघतात. मग मी चहा पिऊन घेते. चहानं काय बिघडवलंय माझं?"

अशा दोघींच्या मध्ये मी रोज बसत होते. सकाळी जाताना, संध्याकाळी येताना. वर्षं गेली. मला वाटलं नाही की माझ्यात काही बदलतंय. शाळेत गेले की मी पुन्हा तीच. शिट्टी, रांगा, शाबासकी. फक्त आता रांगा लावताना मला उषाताईचा आवाज ऐकू यायचा. तेवढंच. शाबासकी गोड लागेनाशी झाली. मी थकायला लागले. कामानं नाही.

*

या वर्षीचं वनभोजन. तोच मळा, तीच चिंच.

शाळेच्या गावातल्या बौद्धवाड्यातली सुजाता नववीत आहे. आई शेतात जाते, घरचा स्वयंपाक हीच करते. मुलींना घरून सामान आणायला सांगितलं होतं. कुणी परात, कुणी पाट. सुजातानं विळी आणली होती. जुन्या लुगड्याच्या फडक्यात नीट गुंडाळून. आल्या आल्या कुणी न सांगता बसली आणि वांगी चिरायला लागली. भरल्या वांग्यासाठी चिरतात तशी. देठ तसाच, खालून चार फाका, देठाशी जोडलेली. बघत राहावं असा हात.

मी लांबून बघत होते. शिट्टी गळ्यात होती.

मोठ्या बाई आल्या. थांबल्या. वाकून तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"सुजाता, ऊठ बाळा. तू कशाला इथं? तू रांगा बघ. तुझ्यात शिस्त आहे. आपल्या मॅडमसारखी. मॅडमकडून शिकून घे."

सुजातानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. आणि ती हसली. असं फुलून हसली ती. आपलं नाव मॅडमच्या नावाबरोबर घेतलं म्हणून. ती विळीवरून उठायला लागली.

ते हसू मला माहीत होतं. तेच घालून मी इतकी वर्षं वागले होते.

मी उषाताईच्या शेजारी बसत होते म्हणून मला ते दिसलं. पण ही पोर कुणाच्या शेजारी होती? पाचवीपासून ती मला बघत आलेली. मी फाट्यावरून येताना वाड्यापासून शाळेपर्यंत माझ्यामागं चालत आलेली. माझी संगत तिला लागली होती. आणि माझ्या संगतीनं तिला काय शिकवलं? चुलीपासून उठायचं, आणि हसत उठायचं.

मी गेले. "बस," मी तिला म्हटलं. "उठू नको."

मोठ्या बाईंना वाटलं मी कामाची घाई करतेय. "अहो मॅडम, बरं झालं आलात. हिला घ्या बरोबर, आणि त्या पोरांना..."

"का?"

"अं?"

"हिनं का उठायचं?"

"अहो, पोरं बघा ना कशी..."

"पोरांना दुसरं कुणी बघेल. ही वांगी चिरतेय. चांगली चिरतेय. हिनं का उठायचं, ते सांगा."

लसूण सोलणारे हात थांबले. कणीक मळणारे हात थांबले. मोठ्या बाईंच्या चेहऱ्यावर हसू होतं, पण ते जागच्या जागी वाळलं.

"तुम्ही असं का बोलताय? मी तर कौतुकच करतेय तिचं."

"कौतुक बसल्या जागी करा. उठवून का?"

कारण होतं त्यांच्याजवळ. सगळ्यांना माहीत होतं. चुलीलाही माहीत होतं. पण पोरं ऐकत होती, आणि ते तोंडातून बाहेर काढायची हिंमत कुणात नव्हती.

"तुम्हाला बरं नाही वाटत का?" असं बाई म्हणाल्या शेवटी.

"मी बरी आहे."

मी गळ्यातली शिट्टी काढून चिंचेच्या फांदीला अडकवली. शेजारी मोठ्या बाईंची स्वतःची विळी होती. पितळी बूड, वर त्यांच्या आईचं नाव कोरलेलं. त्या चिरता चिरता उठल्या होत्या. मी तिच्यावर बसले. गुडघा असा कळवळला की डोळ्यांपुढं अंधारी आली. टोपलीतलं वांगं घेतलं. चिरलं. मिठाच्या पाण्यात टाकलं.

मग दुसरं.

सुजाता खाली मान घालून चिरत होती. तिचं हसू गेलं होतं.

त्या दिवशी रांगा लागल्या नाहीत. पोरं झुंडीनं बसली, पंगती वाकड्यातिकड्या झाल्या, कुणाच्या पत्रावळीत धूळ गेली. तरी सगळी जेवली. भाजीला दुसऱ्यांदा मागणं झालं. मोठ्या बाईंना अचानक पित्त झालं. दोघींना आठवलं की आज चतुर्थी आहे. चतुर्थी होऊन गेली होती. हेडसर जेवले, पण ताटाकडं बघत, कुणाशी न बोलता. त्यांनी भाजी घेतली नाही. नुसता भात.

*

परतताना सुजाता माझ्या शेजारून चालत होती. फडक्यातली विळी छातीशी धरून. मग म्हणाली, "मॅडम, माझ्यात शिस्त न्हाई का मग?"

मला वाटलं होतं तिला कळलं असेल. तिला एवढंच कळलं होतं की मोठ्या बाईंनी दिलेलं काहीतरी मी तिच्या हातून काढून घेतलं.

"आहे," मी म्हटलं. "लय आहे. पण ती असायला चुलीपासून उठावं लागत नाही."

ती चालत राहिली. ओढा ओलांडला. मग तिनं माझ्याकडं बघितलं, आणि मला दिसलं की आता तिला कळलं. तिचं तोंड एकदम पोक्त झालं. वय वाढल्यासारखं. ते हसू परत येणार नाही. ते मी मोडलं. ते मोडायलाच पाहिजे होतं. पण मला कुणी शाबास म्हणू नये त्यासाठी. नवव्या वर्गातल्या पोरीचं हसू मोडून घरी जाणं सोपं नसतं.

संध्याकाळी गाडीत दोघींना सांगितलं. आपानं डब्यातली उरलेली भाजी तिथंच संपवली. तेलाची बोटं चाटत म्हणाली, "आज मिरची बराबर आहे."

उषाताई शेंगा फोडत होती. मला वाटलं, आता तरी ती पाठीवर हात ठेवेल.

"लय उशीर केलास," ती म्हणाली.

मग थोड्या वेळानं, खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "त्या पोरीला एक दिवस आण आमच्याकडं. बसू दे जरा हितं मागं."

*

दुसऱ्या दिवशी मी ती पितळी विळी शिक्षकखोलीत नेली. मळ्यातून सामान आवरताना ती कुणीच उचलली नव्हती. मी घासून, पुसून नेली. पितळ लखलखत होतं.

"बाई, तुमची विळी. राहिली होती."

त्यांनी तिच्याकडं बघितलं. हात मांडीवरच ठेवले. "असू द्या हो. तुम्हीच ठेवा."

"आईची आहे तुमच्या. नाव आहे वर."

"असू द्या. माझ्याकडं दुसरी आहे."

"का?" मी विचारलं.

मी उभी राहिले. मला घाई नव्हती. त्यांनी टेबलावरच्या वह्या ओढल्या आणि तपासायला लागल्या.

मग हेडसरांनी बोलावलं. "मॅडम, तुमच्यासारख्या समजूतदार माणसानं असं करावं? इतकी वर्षं किती छान चाललं होतं."

"कुणाचं, सर?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला. "वातावरण बिघडतं हो. पोरांवर परिणाम होतो."

"व्हावा म्हणूनच केलं," मी म्हटलं.

आठवड्याभरात सभेत ठरलं. पुढच्या वर्षीपासून वनभोजनाला आचारी लावायचा. बायांना त्रास नको. सगळ्यांची सोय. सगळ्यांनी माना डोलावल्या. एक पोर विळीवरून न उठल्यानं आमच्या शाळेत बायांचा स्वयंपाकच बंद झाला. एवढं स्वस्त होतं त्यांना ते. आईची विळी सोडून देण्याइतकं स्वस्त.

शिक्षकखोलीत आता माझ्या डब्याजवळची खुर्ची रिकामी असते. पूर्वी निदान बसायचे. कौतुक बंद झालं. कुणी आता मला काही करायला सांगत नाही. मी पोरांच्या वह्या तपासते, तास घेते, घरी जाते. थकवा आहे तसाच आहे. उलट वाढला. रोज कळून घ्यायचं म्हणजे काय असतं ते आता कळतंय. आधी मी ते टाळत होते ते काही उगीच नव्हतं.

पण मला पुन्हा पूर्वीसारखं होता येत नाही. मागच्या सीटवर सकाळ-संध्याकाळ दोन बाया माझ्यासाठी सरकतात. त्यांच्या शेजारी बसायचं आणि शाळेत जाऊन पुन्हा उठवलं की उठायचं, असं आता माझ्याच्यानं होणार नाही. गेल्या शनिवारी सुजाता आली होती आमच्याबरोबर, परभणीला, माझ्याकडं मुक्कामाला. आपा आणि उषाताईच्या मध्ये बसली. दोघींनी तिच्या डब्यातलं सगळं खाल्लं आणि वर नावं ठेवली. ती हसली. वेगळं हसली. थोडं कमी, पण स्वतःचं.

विळी माझ्या स्वयंपाकघरात आहे. मी ती वापरत नाही. फडक्यात गुंडाळून ठेवली आहे.

पुढचं वनभोजन येईल. आचारी येईल. मी त्याला आधीच सांगणार आहे की वांगी तू आणायची, चिरणार आम्ही. मी आणि सुजाता, आणि ज्या पोरींना बसायचं असेल त्या. रांगा मी लावणार नाही. शिट्टी त्या फांदीवर अडकवली ती मी उतरवलेली नाही, आणि उतरवणारही नाही. ज्याला रांगा पाहिजेत त्यानं लावाव्यात.

मी बाईंच्या आईच्या विळीवर बसणार. बाईंच्या समोर. आणि मला किंवा त्या पोरीला कुणाला उठवायचं असेल, तर त्यानं कारण सांगायचं. मोठ्यानं. सगळ्या शाळेपुढं.

तोपर्यंत मी उठणार नाही.